अमेरिकेतून तान्ह्या बाळाला आजी-आजोबांकडे आणताना

आधी बाळाचा पासपोर्ट. अर्ज देताना आई-वडील दोघांनीही बाळासह हजर राहावं. मग भारताचा व्हिसा, तोही बाळाचा वेगळा. बाळ ६ ते ११ महिन्यांचं असेल तर गोवर-गालगुंड-रुबेलाची लस निघण्याच्या किमान २ आठवडे आधी टोचून घ्या. हा डोस जादाचा. वर्षानंतरचे दोन्ही द्यावेच लागतात.

विमान उतरताना हवेचा दाब बदलून कान दुखतात. चाकं टेकण्याच्या अर्धा तास आधीपासून पाजत राहा. झोपेत बाळ फारसं गिळत नाही, म्हणून जीवावर आलं तरी उठवा.

घरी पोचल्यावर ६ महिन्यांखालच्या बाळाला गुटी, पाणी काही नको, आजींनी कितीही मायेने म्हटलं तरी. मध तर वर्षभर नाहीच. त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.