श्यामलनचे सिनेमे कसे बघावेत: शेवट फुटण्याआधी आणि नंतर

एम. नाइट श्यामलन हा शेवटाला कलाटणी देणारा हॉलिवूडचा दिग्दर्शक. म्हणून सगळ्यात आधी, शेवट माहीत असलेल्या माणसाला खोलीबाहेर काढा. आमच्या मामेभावानं मिसळीच्या कटात ब्रेड बुडवता बुडवता 'द सिक्स्थ सेन्स'चा शेवट दोन वाक्यांत सांगून टाकला होता. आम्ही पाच जण, चौघांनी अजून सिनेमा बघायचा होता. तेव्हापासून आमच्याकडं नियमच आहे, ज्यानं आधी पाहिलाय त्यानं आत जाऊन चहा करायचा.

पायरी १. सुरुवात १९९९ पासून करा. श्यामलनचा जन्म पुद्दुचेरीतल्या माहे गावचा, वाढला फिलाडेल्फियाजवळ. १९९२ चा त्याचा पहिला सिनेमा चेन्नईत चित्रित झाला, पण तो मागाहून बघितला तरी चालेल. 'द सिक्स्थ सेन्स' त्याच्या २९व्या वाढदिवशी, ६ ऑगस्टला लागला आणि त्याला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली.

पायरी २. आठ दिवसांत तोच सिनेमा पुन्हा लावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरी मजा तर इथंच आहे. हातात वही घ्या, लाल रंग दिसला की टिपा: तळघराच्या दाराची मूठ, फुगा, पोराचा घरातला तंबू. मग हॉटेलातला जेवणाचा प्रसंग थांबवून थांबवून बघा. कोण बोलतंय, कुणाला उत्तर मिळतंय, खुर्ची कुणी ओढली? गड्यानं सगळं समोर मांडून ठेवलेलं असतं. आपणच पहिल्या खेपेला रिकाम्या जागा मनानं भरून घेतो.

पायरी ३. मग 'अनब्रेकेबल' (२०००), त्यामागं 'साइन्स' (२००२). 'साइन्स'मध्ये घरभर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासांवर नजर ठेवा. 'द व्हिलेज'पर्यंत (२००४) प्रेक्षक शेवटाचीच वाट बघत बसायला लागला होता, असं माझं मत. जादूगाराच्या बाहीकडंच बघत बसलं की खेळ रंगत नाही.

पायरी ४. 'द लास्ट एअरबेंडर' (२०१०) आणि 'आफ्टर अर्थ' (२०१३) सोडून द्या. वेळ वाचेल.

पायरी ५. 'द व्हिजिट' (२०१५) चुकवू नका. मोठ्या बजेटचे सिनेमे केलेल्या माणसानं स्वतःचं घर गहाण ठेवून सुमारे ५० लाख डॉलरमध्ये हा काढला. कोल्हापूरकराला ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९४८ मध्ये जाळपोळीत गेलेला जयप्रभा स्टुडिओ भालजी पेंढारकरांनी कर्ज काढून पुन्हा उभा केला होता. 'द व्हिजिट'मध्ये दोन पोरं आजोळी जातात, एवढंच सांगतो.

पायरी ६. 'स्प्लिट' (२०१६) लावण्याआधी सगळ्यांनी 'अनब्रेकेबल' पाहिलाय का, हे एकेकाला विचारून घ्या. का, ते अगदी शेवटच्या प्रसंगात कळेल. नावं येईपर्यंत कुणी उठायचं नाही. आमचा मामेभाऊ तेवढ्यासाठी दारात येऊन उभा राहतो, हातात गाळणी घेऊनच.