फ्लूची लस कधी घ्यायची आणि ताप आलाच तर काय करायचं

फ्लू म्हटलं की थंडीतला आजार असं आपल्या डोक्यात बसलंय. युरोप-अमेरिकेत आहेच तसं, पण आपल्याकडे महाराष्ट्रात याचे दोन सीझन, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा भर पावसाळ्यापासून पार ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे शाळा सुरू, बसच्या काचा बंद आणि वर गणपतीची गर्दी. २००९ ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, ऑगस्टमध्येच. त्या स्वाइन फ्लूचा व्हायरस, एच१एन१, आता नेहमीच्या फ्लूत जमा झालाय, जोडीला एच३एन२ आणि बी टाईप असतात. त्यामुळे रिपोर्टवर ते नाव दिसलं म्हणून घरात रडारड नको, पण अंगावर काढायची पण गोष्ट नाही ही.

म्हणून लस घ्यायची तर मे-जूनमध्ये घ्या, कारण तिचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे जातात, सगळी सोसायटी खोकायला लागल्यावर धावपळ करून काय उपयोग (तरी लोक तेव्हाच करतात). व्हायरस रूप बदलत राहतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. घेताना खोकं हातात घेऊन बघा, एसएच म्हणजे दक्षिण गोलार्धाची आणि एनएच म्हणजे उत्तर गोलार्धाची, पावसाळ्याआधी त्या वर्षीची नवी एसएच मागायची, आणि एक्सपायरी बघायची. इंजेक्शनमधला व्हायरस मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही, दंड दुखेल, दिवसभर कणकण वाटेल, बास. गरोदर बायका, साठी-पासष्टीच्या पुढचे, शुगर, दमा, हार्ट, किडनीवाले यांनी टाळाटाळ करू नये. मुलांना सहा महिन्यांनंतर देता येते, आणि नऊच्या आतल्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात, दुसरा बरेच जण विसरतात. लस घेतली की फ्लू होणारच नाही असं मात्र नाही, पण हॉस्पिटलची पायरी चढायची वेळ कमी येते.

आता ओळखायचं कसं. सर्दी हळूहळू चढते, फ्लू अचानक धरतो, सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून पांघरुणात, अंग ठेचल्यासारखं, डोकं जड, कोरडा खोकला. पण पावसाळ्यात डेंगीपण असतो आणि पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच वाटतात. खोकला-घसा नसेल, डोळ्यांच्या मागे दुखत असेल, अंगावर पुरळ असेल तर डेंगीची टेस्ट करा, आणि तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घ्यायचं नाही, मुलांना तर अ‍ॅस्पिरिन अजिबातच नाही.

पॅरासिटामॉलमध्येही एक गोची आहे. मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बऱ्याचदा त्यात पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं, आणि आपण वरून तापाची ६५० वेगळी घेतो, म्हणजे डबल डोस. दिवसभरात असं चारदा झालं तर लिव्हरवर जातं.

दुसरी खोड म्हणजे अँटिबायोटिक. फ्लू व्हायरसचा, त्याला अझिथ्रोमायसिन काही करत नाही. मार्च २०२३ मध्ये आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्याच देशभरातल्या संघटनेने पण सांगितलं होतं, उगाच अँटिबायोटिक घेऊ नका, तरी आपण डॉक्टरकडे जाऊन "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणतोच. फ्लूवरचं खरं औषध ओसेल्टामिविर, ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, म्हणून वर सांगितलेल्या रिस्कवाल्यांनी "दोन दिवस बघू" करत बसू नये, पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाकी धडधाकट माणसाला आराम, पेज, वरणाचं पाणी, भरपूर पाणी एवढं पुरतं. कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगायची तर हुंगा, व्हायरसला तिचं काही नाही. आणि लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका, भाजल्याच्या केसेस होतात.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर, माणूस बरळायला लागणं, बाळ दूध-पाणी न घेणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. अजून एक, ताप उतरून बरं वाटायला लागलं आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा ताप, खोकला वाढला, तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही.

घरात एकाला झालं की त्याची खोली वेगळी, नसेल तर निदान खिडकी उघडी आणि मास्क त्यालाही आणि त्याचं करणाऱ्यालाही, टॉवेल-पेला वेगळा, हात साबणाने वीस सेकंद. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस माणूस पसरवत असतो. त्यामुळे पोराला क्रोसिन पाजून शाळेत पाठवणं बंद करा, औषध न घेता २४ तास ताप आला नाही की मगच पाठवायचं, युनिट टेस्ट असली तरी.