बायोडेटात हुद्दा नंतर, काम आधी

ईएमईतून, म्हणजे लष्कराची वाहनं-उपकरणं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले बरेच जण बायोडेटाच्या पहिल्याच ओळीत ‘हवालदार, व्हेईकल मेकॅनिक’ लिहून थांबतात. चाकणच्या कारखान्यातल्या एचआरला त्यातून फारसं कळत नाही. हवालदार म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे पोलीस चौकीच येते! त्यापेक्षा काम सांगा: स्टॅलियन ट्रकची इंजिनं, गिअरबॉक्स उघडून जोडले, हाताखाली किती माणसं होती, महिन्याला किती गाड्या दुरुस्त होऊन बाहेर पडत. स्टॅलियन अशोक लेलँडचाच, हे जरूर लिहा, म्हणजे समोरच्याला लगेच ओळख पटते. निवृत्तीवेळी लष्कराकडून मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात समकक्ष नागरी ट्रेड (तुमच्या कामाशी जुळणारा लष्कराबाहेरचा व्यवसाय) नोंदलेला असेल तर तोही द्या. मात्र युनिट कुठे होतं, कोणती शस्त्रप्रणाली हाताळली, हा तपशील नको. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो.