कॉलेजच्या आयकार्डवर लॅपटॉप स्वस्तात कसा घ्यायचा आणि त्याचे नियम काय

कॅप राउंडमध्ये, म्हणजे ॲडमिशनच्या सामायिक फेरीत नंबर लागला, फी भरली, की दुसऱ्याच दिवशी घरात लॅपटॉपचा विषय निघतो. आमच्याकडे नाशिकलाही तेच झालं. धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि पप्पा म्हणाले चल, संध्याकाळी एमजी रोडला जाऊन घेऊनच टाकू, मी म्हटलं थांबा जरा, विद्यार्थ्यांना वेगळा रेट असतो तो आधी बघू. बघितला, मिळाला पण, फक्त त्यासाठी जी धावपळ झाली ती दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. नंतर मामेबहिणीचा आणि बिल्डिंगमधल्या दोन मुलांचा लॅपटॉप घेतानाही मी सोबत होते, त्यामुळे कुठे गाडी अडते ते आता चांगलं माहिती झालंय.

आधी बघा, तुम्ही यात बसता का

हा डिस्काउंट सरकार देत नाही, कंपनी देते, त्यामुळे प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा. अॅपल, एचपी, लेनोवो, डेल, सॅमसंग अशा बऱ्याच कंपन्यांचं विद्यार्थ्यांसाठी वेगळं ऑनलाईन दुकान किंवा ऑफर असते. अॅपलचं सांगायचं तर कॉलेजात शिकणारी मुलं, नुकतीच ॲडमिशन मिळालेली मुलं, त्यांच्यासाठी घेणारे आईवडील आणि शिक्षक-कर्मचारी हे सगळे त्यात येतात. शिक्षक मग प्राथमिक शाळेतले असले तरी चालतात. पण शाळेत शिकणाऱ्या मुलाला स्वतःच्या नावावर तिथे हा रेट मिळत नाही. क्लासचं आयकार्ड किंवा एमएससीआयटीची पावती घेऊन लोक प्रयत्न करतात, त्यात वेळ घालवू नका, मान्यताप्राप्त संस्थेचं कार्ड लागतं.

आपल्या नाशिकमध्ये एक प्रश्न हमखास येतो, मुक्त विद्यापीठाच्या मुलांचं काय? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, ते राज्याचं विद्यापीठ आहे, नोकरी करून तिथून डिग्री करणारा माणूसही विद्यार्थीच आहे. त्यामुळे आपण कुठे रेग्युलर कॉलेजला जातो असं म्हणून मागे राहू नका, ऑफरच्या फॉर्ममध्ये संस्थेचं नाव शोधून बघा. कॉलेजचं नाव यादीत सापडत नसेल तर विद्यापीठाच्या नावाने शोधायचं, म्हणजे मेडिकल, नर्सिंगवाल्यांनी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि बाकी बऱ्याच जणांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ टाकून बघायचं.

कागद गोळा करा, ऑफर उघडायच्या आधी

चार गोष्टी लागतात. चालू वर्षाचं आयकार्ड, चालू वर्षाची फी पावती, बोनाफाईड (म्हणजे तुम्ही तिथे शिकता असा कॉलेजचा दाखला) आणि कॉलेजचा ईमेल आयडी. सगळ्या प्रत्येक वेळी मागत नाहीत, पण कोणती कधी मागतील सांगता येत नाही.

फर्स्ट इयरवाल्यांची खरी अडचण ही की आयकार्ड यायलाच उशीर होतो. ॲडमिशनचे राउंड लांबतात, मग फोटो, मग छपाई, आणि कंपन्यांच्या कॉलेज सुरू होतानाच्या ऑफर साधारण जून ते सप्टेंबर असतात. म्हणजे कार्ड हातात येईपर्यंत ऑफर संपलेली. यावर उपाय बोनाफाईड. फी भरली त्याच दिवशी ऑफिसमध्ये अर्ज देऊन टाका, कारण विचारलं तर लॅपटॉपच्या सवलतीसाठी असं सरळ सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ॲडमिशन लेटर आणि फी पावतीही बऱ्याच ठिकाणी चालते.

आता नावाचा घोळ, आणि हा आपल्याकडे खूप होतो. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी कधीकधी आईचं पण. कॉलेज आयकार्डवर तेच उतरवतं. आपण मात्र ऑफरच्या साईटवर खातं उघडताना आधी स्वतःचं नाव टाकतो, शेवटी आडनाव. तपासणी करणाऱ्या मशीनला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. भावाचा अर्ज दोनदा परत आला तो यामुळेच. तिसऱ्यांदा खात्यातलं फर्स्ट नेम आणि लास्ट नेम कार्डवर जसं स्पेलिंग आहे तसंच टाकलं, वडिलांचं नाव काढलं, आणि झालं. स्पेलिंगमधला एक जास्तीचा ए किंवा डबल ई पण बघा.

आणि फोटो. हे बारीक वाटेल, पण ऐका. पहिल्या वेळी आम्ही रात्री ट्यूबलाईटखाली डायनिंग टेबलवर कार्ड ठेवून फोटो काढला, लॅमिनेशनवर उजेडाचा पांढरा पट्टा पडला आणि नेमका शैक्षणिक वर्षाच्या आकड्यावर पडला. आम्हाला वाचता येत होतं कारण आम्हाला माहिती होतं तिथे काय लिहिलंय. सकाळी गॅलरीत, ऊन थेट येत नाही अशा जागी, कार्ड प्लास्टिकच्या कव्हरमधून बाहेर काढून, साध्या गडद रंगाच्या उशीच्या अभ्र्यावर ठेवलं, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढला, पुढचा आणि मागचा दोन्ही, कारण व्हॅलिडिटी बऱ्याच कार्डांवर मागच्या बाजूला असते. आधार कार्ड मात्र उगाच अपलोड करू नका, ते विद्यार्थी असल्याचा पुरावा नाहीच. कुणी ओळखीसाठी मागितलंच तर शेवटचे फक्त ४ आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

सॉफ्टवेअरचं आधी बघा, म्हणजे पैसे उगाच जात नाहीत

दुकानात लॅपटॉपसोबत ऑफिस घ्या, अँटिव्हायरस घ्या असं सुरू होतं. त्याआधी कॉलेजच्या ईमेल आयडीवर काय फुकट मिळतं ते बघून जा. कॉलेजने मायक्रोसॉफ्टकडे नोंद केलेली असेल तर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट ब्राउझरमध्ये फुकट चालतात. प्रोग्रामिंगवाल्यांना गिटहब या कोड ठेवायच्या साईटचा स्टुडंट पॅक आहे, जेटब्रेन्सची कोड लिहायची टूल्स आहेत. सिव्हिल, मेकॅनिकल, आर्किटेक्चरवाल्यांना ऑटोडेस्क कंपनीची ऑटोकॅड, रेव्हिट, फ्युजन ही ड्रॉइंग-डिझाईनची सॉफ्टवेअर एक वर्षासाठी फुकट मिळतात आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी रिन्यू करता येतात. म्हणजे हे असताना पायरेटेड ऑटोकॅड टाकून घेण्याचं काही कारणच नाही, त्यासोबत व्हायरस येतो तो वेगळाच. अडोबीचं फुकट नसतं, सवलत असते, पण तिथे पहिल्या वर्षाचा रेट कमी आणि पुढच्या वर्षी वाढतो, आणि वर्षाचा प्लॅन घेऊन मध्येच बंद केला तर पैसे कापतात, तेवढं वाचून घ्या.

आता हिशोब, इथे घाई करू नका

स्टुडंट डिस्काउंट म्हणजे सगळ्यात स्वस्त असं नसतं. बऱ्याचदा तो छापील किमतीवर असतो, बाजारातल्या किमतीवर नाही. समजा एका लॅपटॉपची छापील किंमत ७५,००० आहे आणि १० टक्के सवलत, म्हणजे ६७,५०० झाले. तोच लॅपटॉप कॅनडा कॉर्नरला किंवा एमजी रोडला एखादा दुकानदार ६५,००० ला द्यायला तयार असेल तर कसली सवलत? म्हणून तीन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा, विद्यार्थी रेट, दुकानाचा रेट, आणि ऑनलाईन सेलमध्ये बँकेच्या कार्डावरचा रेट. विद्यार्थी रेटवर बँक ऑफर लागते की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, शेवटच्या पेमेंटच्या पानापर्यंत जाऊनच आकडा घ्या.

तुलना मॉडेल नंबरवरून करा, नावावरून नाही. नाव एकच असतं आणि पुढच्या इंग्रजी अक्षरं-आकड्यांमध्ये सगळा फरक असतो, एकात १६ जीबी रॅम, दुसऱ्यात ८ आणि ती पण बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवता येणार नाही. तो नंबर पूर्ण उतरवून घ्या आणि दुकानात तोच दाखवा.

नो कॉस्ट ईएमआयचं पण सांगते, कारण आपल्याकडे बरेच जण हप्त्यावरच घेतात, त्यात वाईट काही नाही. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून आधी कमी करून देतो, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक आपल्याकडूनच घेते. व्याज ४,००० धरलं तर ७२० रुपये हे झाले, वर प्रोसेसिंग फी. मोठी रक्कम नाही, पण फुकट म्हणून सांगतात तेव्हा माहिती असावी.

द्राक्षाचे किंवा कांद्याचे पैसे हातात यायचे आहेत म्हणून थांबायचं असेल तर थांबा, दसरा-दिवाळीला सेल असतातच, तोपर्यंत कॉलेजच्या लॅबवर निभावतं. घाईने जास्त व्याजाचं कर्ज काढण्यापेक्षा ते बरं. आणि ऑनलाईन घेताना आपल्या शहरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे ना ते विचारा. अॅपलची स्वतःची दुकानं आपल्यापासून जवळ म्हणजे मुंबईत बीकेसीला, २०२३ पासून, आणि पुण्यात कोरेगाव पार्कला, २०२५ पासून. रोजच्या कामाला ती आपल्या उपयोगाची नाहीत, त्यामुळे इथला अधिकृत विक्रेता कोण ते आधी शोधा. तिथे विद्यार्थी रेट आहे का तेही आयकार्ड दाखवून तोंडी विचारा, काही ठिकाणी बोर्डावर लिहिलेलं नसतं पण मिळतो.

नियम, जे कुणी वाचत नाही

हा रेट त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वापरासाठी असतो. घेऊन लगेच नफ्यावर विकायला नाही. एका माणसाला वर्षाला किती घेता येतील याची मर्यादा असते, अॅपलकडे वर्षाला एक लॅपटॉप, एक डेस्कटॉप, एक मॅक मिनी आणि दोन आयपॅड. नियम मोडल्याचं कंपनीला आढळलं तर फरकाची रक्कम वसूल करण्याचा हक्क त्यांच्या अटींमध्येच लिहिलेला असतो.

आणि इथे मला मनापासून एक सांगायचंय, मुलांचं आयकार्ड नातेवाईकांना वापरायला देऊ नका. मामेबहिणीच्या बाबतीत हे झालं. एका दूरच्या काकांना त्यांच्या लग्नाच्या फोटो-व्हिडिओच्या धंद्यासाठी लॅपटॉप हवा होता, घरी आले, म्हणाले तुझं कार्ड दे ना, तुला कुठे आत्ता घ्यायचाय. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, तिने दिलं. चार महिन्यांनी तिचा जुना लॅपटॉप बंद पडला, ऐन प्रोजेक्टच्या वेळी, आणि साईटवर तिचा त्या वर्षाचा कोटा संपलेला. काकांनी वाचवले होते काही हजार, ते तिला पूर्ण किमतीत भरावे लागले, आणि मामी एकट्या कमावत्या आहेत. ती मला म्हणाली ताई, मला माहितीच नव्हतं की माझा पण नंबर त्यात जातो. म्हणून घरातल्या मोठ्यांनीच हे मागू नये. तिच्या शिक्षणाची सवलत आहे, ती तिचीच राहू द्या.

तसंच वडिलांच्या दुकानाच्या जीएसटी नंबरवर बिल मागू नका. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, धंद्याच्या वापरासाठी असतं आणि हा रेट शिकण्याच्या वापरासाठी, दोन्ही एकाच बिलावर बसत नाहीत. फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरचंही तसंच. ऑटोडेस्कच्या विद्यार्थी लायसन्सवर अंबड-सातपूरमधल्या एखाद्या वर्कशॉपची ड्रॉइंग पैसे घेऊन करायची परवानगी नाही. शिकायला वापरा, स्वतःचे प्रोजेक्ट करा, कमवायला लागलात की कमर्शियल लायसन्स किंवा फ्री सॉफ्टवेअरकडे वळा.

बॉक्स घरी आला की

सील फोडायच्या आधीपासून व्हिडिओ चालू ठेवा. बॉक्सवरचा, लॅपटॉपच्या खालचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे का बघा. कंपनीच्या साईटवर तो नंबर टाकून वॉरंटी कधीपासून धरलीय ते तपासा, बिलाची तारीख आणि ती तारीख जुळत नसेल तर बिल पाठवून लगेच दुरुस्त करून घ्या. सोबत ऑफिस आलं असेल तर ते सहा महिन्यांच्या आत चालू करावं लागतं, आणि चालू करताना स्वतःचा कायमचा ईमेल आयडी वापरा, कॉलेजचा नको.

मोफत लॅपटॉप योजनेची लिंक व्हॉट्सॲपवर दर सीझनला फिरते, एक विद्यार्थी एक लॅपटॉप वगैरे. अशी आपली कोणतीही योजना नाही असं एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने स्वतः सांगितलेलं आहे. तिथे आयकार्ड, आधार, ओटीपी काही देऊ नका, आणि देऊन बसला असाल, पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

शेवटच्या वर्षाला असाल तर अजून एक काम आहे. कॉलेजचा ईमेल पास झाल्यावर बंद होऊ शकतो आणि त्याच्या ड्राइव्हवर ठेवलेलं सगळं त्याच्यासोबत जातं, म्हणून प्रोजेक्ट रिपोर्ट, मार्कशीटचे स्कॅन, ऑटोकॅडच्या फाईल्स निकालाच्या आधीच एका पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या खात्यात अशा दोन ठिकाणी काढून ठेवा. ड्रॉइंगची पीडीएफ पण करून ठेवा, लायसन्स संपल्यावर मूळ फाईल ऑटोकॅडमध्ये उघडणार नाही पण पीडीएफ कुठेही उघडते, आणि इंटरव्ह्यूला तीच दाखवायची असते.