जुनी व्हीटेक सुधारावी की क्लासिक एमजी घ्यावी? ठरवण्याआधी या चुका टाळा

माझी २००२ ची होंडा सिटी व्हीटेक आहे, म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढले की जास्त ताकद देणाऱ्या इंजिनाची. १.५ लिटर, १०६ अश्वशक्ती, आणि ती सगळी मजा वरच्या आरपीएमला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर ताम्हिणी चढताना पहिल्यांदा वाटलं, गाडीत जान उरली नाही. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तरी उचलत नव्हती. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की आधी क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग एकदम नाक बाहेर पळायचं. घरी येईपर्यंत डोक्यात दोनच विचार. एकतर हिला इंटेक, एक्झॉस्ट, स्प्रिंगा असं सगळं नवं लावायचं, नाहीतर विकायची आणि शाळेत असल्यापासून मनात घर करून बसलेली एमजीबी, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, शोधायची.

पुढचे चार महिने मी या दोन गाड्यांची तुलना करत होतो आणि ती तुलनाच चुकीची होती. कारण माझ्या घरातली गाडी आजारी होती आणि मनातली गाडी ठणठणीत. जे अशाच विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आजारी गाडीला मंद समजू नका

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बहुतेक पैसा इथेच वाया जातो. माझे मिस्त्रीकाका होंडाच्या जुन्या गाड्यांवर वीसेक वर्षं काम करतायत. त्यांना एक्झॉस्टचं विचारलं तर म्हणाले, "इंजिनाला काय धाड भरलीय? आधी तिचे पाय तरी नीट करा." गाडी रॅम्पवर घेतली, चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या बुशमध्ये (सांध्यातल्या रबरात) टॉमी घालून हलकी उचलली. रबर मधोमध फाटलं होतं, आर्म बोटभर पुढे-मागे हलत होता. वळणावरचा तो 'क्षणभर काहीच नाही' म्हणजे हे. शॉकअप दाबले तर परत वर यायला तयार नाहीत. टायरवर चार आकडे कोरलेले होते, ३४१५, म्हणजे २०१५ चा चौतिसावा आठवडा. नक्षी भरपूर होती, पण रबर लाकडासारखं कडक झालेलं.

मग इंजिन. होंडाच्या त्या काळच्या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) हाताने सेट करावे लागतात, इंजिन पूर्ण थंड असताना. साधारण ४० हजार किलोमीटरला फीलर गेज घालून बघायचे असतात, पण आवाज येत नाही म्हणून कोणी झाकणच उघडत नाही. घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही, तो गुपचूप ताकद खातो. माझ्या गाडीचे एक्झॉस्टचे दोन टॅपेट घट्ट होते.

कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं) मात्र कोणतीही पार्ट ऑर्डर देण्याआधी कराच. चारही प्लग काढायचे, इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवायचे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि चारही आकडे कागदावर लिहायचे. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंग गेल्यात. नाही आला तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. धूरही सांगतो. रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना निळसर लोट येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत, हे तुलनेने छोटं काम. चढावर दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल तर इंजिन उतरवायची तयारी ठेवा.

आणखी एक दोष असा आहे की त्यापायी लोकांनी चांगल्या गाड्या कवडीमोलाने विकल्यात. दुपारी उन्हात गाडी उभी केली की सुरूच होत नाही, काचा उघडून पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. किल्ली फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा गुंजारव येतो का ते ऐका. येत नसेल तर पंपाला वीज देणारा डॅशबोर्डखालचा मेन रिले काढा. त्याच्या आतल्या सोल्डरच्या डागाला केसाएवढी चीर पडते आणि उष्णतेने संपर्क तुटतो. चांगला वायरमन तो पुन्हा डागून देतो.

बुश, शॉकअप, टायर, इंजिन माउंट, टॅपेट, प्लग आणि टायमिंग बेल्ट एवढं झाल्यावर मी पुन्हा ताम्हिणीला गेलो. एकही 'परफॉर्मन्स' पार्ट लावला नव्हता. मला हवी होती ती गाडी माझ्याकडेच होती. एमजीबीचा विचार मी त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू केला, कारण आता तिची तुलना एका धडधाकट गाडीशी होणार होती.

अपग्रेड उलट्या क्रमाने करू नका

क्रम असा ठेवा: टायर, ब्रेक, सस्पेन्शन, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. लोक एक्झॉस्टपासून सुरुवात करतात कारण त्याचा आवाज लगेच ऐकू येतो. मोठा पाइप लावला की आवाज वाढतो, पण खालच्या आरपीएमचा पिकअप बहुतेक वेळा कमीच होतो, आणि या सिटीत तो मुळातच बेताचा. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, त्यापेक्षा कंपनीचा हवाबंद डबा आणि स्वच्छ फिल्टर बरा. सिटी आधीच खुजी आहे. ती आणखी खाली बसवली तर सोसायटीच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर पोट घासतं.

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवाल्यांना वेगळं सांगतो. १.८ टर्बो, १५० अश्वशक्ती, आणि रिमॅपला (कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवण्याला) छान प्रतिसाद देणारं इंजिन. पण रिमॅपच्या आधी व्हॅक्यूमचे रबरी पाइप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि कॉइल तपासा. तडकलेल्या पाइपमधून बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) गळत असताना रिमॅप केला तर टर्बो जास्त राबतो आणि गाडी मिसिंग करायला लागते.

कायद्याकडे डोळेझाक करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवायचं स्वप्न असेल तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल, याचा विचार त्याच दिवशी करा.

क्लासिकचा रंग बघून भुलू नका

मुंबईत मी एक एमजीबी बघायला गेलो होतो. लाल रंग, क्रोमचे बंपर, तारांची चाकं. दुरून बघितली तेव्हा घशाशी आवंढा आला, खरंच सांगतो. खिशात लोहचुंबक होता, त्याला रंग खरचटू नये म्हणून पातळ कापड गुंडाळलेलं. दरवाज्यावर लावला, चिकटला. मडगार्डवर चिकटला. दरवाज्याखालच्या सिलवर लावला आणि तो सरळ घसरून फरशीवर पडला. थोडा पुढे लावला, तिथेही पडला. दीड फूट लांबीचा पत्राच नव्हता, नुसती पुट्टी भरून वर रंग मारलेला.

एमजीबीत हे जिवावर बेतणारं आहे, कारण तिला वेगळी चासी नाही. सिल हाच तिचा कणा, आणि उघड्या गाडीत तर छपराचाही आधार नसतो. म्हणून दुसरी परीक्षा घ्या: बाजूने जॅक लावून गाडी उचला आणि दरवाजा उघडून बंद करा. बंद होताना अडकला किंवा दरवाज्याच्या मागची फट बदलली, तर गाडी मधोमध वाकतेय. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत कार्पेट उचलून तळपाट बघितल्याशिवाय विसार देऊ नका. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. ती लाल गाडी मी सोडली. परत येताना वाईट वाटत होतं.

इंजिन आणि कागद एकत्र वाचा

एमजीबीच्या इंजिनाची एक गोष्ट आपल्याकडच्यांच्या कामाची आहे. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, आणि तिचं १,७९८ सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातलं. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं जुनं १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. त्यामुळे ज्याने आयुष्यभर अ‍ॅम्बेसेडर बांधल्या, त्या वयस्कर मिस्त्रीला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. अशा मिस्त्रींचा पत्ता गाडी घेण्याआधी शोधून ठेवा.

पण या नात्याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी सुटे भाग मिळत नव्हते तेव्हा अनेक इंग्रजी गाड्यांमध्ये अ‍ॅम्बेसेडरचं किंवा थेट डिझेल इंजिन बसवलं गेलं. म्हणून ब्लॉकवरचा नंबर स्वतः टॉर्च मारून वाचा आणि आरसी बुकाशी जुळवा. 'एजंट करून देईल' या शब्दावर पैसे देऊ नका. नंबर जुळेपर्यंत तो सौदा झालेला नाही असंच समजा.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ पासून केंद्राचा व्हिंटेज नोंदणीचा नियम आहे. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, आधी नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. यातली अट लोक वाचत नाहीत: अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. दर रविवारी लोणावळ्याला नाश्त्याला जायचं म्हणून गाडी घेताय आणि व्हिंटेज नोंदणीही करताय, तर या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. सिटीसारख्या गाडीला मात्र पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. वीस वर्षांपुढच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालंय, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा.

पेट्रोल आणि सुटे भाग

ई२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) त्रास दोघींना आहे, पण सारखा नाही. सिटीला ऑक्सिजन सेन्सर आहे, मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) की कॉम्प्युटर थोडं जास्त पेट्रोल सोडतो. एमजीबीच्या एसयू कार्बोरेटरला हे कळत नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन गरम होतं, आणि आपण बिचाऱ्या रेडिएटरला दोष देत बसतो. कार्बोरेटरची सुई आणि जेट (पेट्रोल किती जाईल ते ठरवणारे भाग) पुन्हा बसवून घ्या. रबरी पाइप दोन्ही गाड्यांचे बदला, इथेनॉल सोसणारे घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवू नका. आणि एमजीबीत आजकालचं पातळ ऑइल घालू नका. तिला झिंक असलेलं २०डब्ल्यू-५० लागतं, नाहीतर कॅमशाफ्ट झिजतो.

भागांच्या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला होता. मला वाटायचं, साठ वर्षं जुन्या गाडीचं काही मिळणार नाही. प्रत्यक्षात एमजीबीची सिल, बुश, पंप, अगदी पूर्ण बॉडीशेलसुद्धा इंग्लंडमध्ये नव्याने बनतं. माझ्या सिटीचा उजवा हेडलाइट मात्र मी पाच महिने शोधत होतो, शेवटी भंगारातल्या गाडीवरचा मिळाला. सिटी ठेवायची असेल तर काचा, दिवे, बंपर आणि दारांची रबरं दिसतील तेव्हा घेऊन ठेवा.

मी सध्या सिटीच ठेवली आहे. रोजच्या धावपळीला, पावसाला आणि आई-बाबांना गावी न्यायला तीच लागते, आणि एमजीबीत मागे त्यांना बसवता येणार नाही. एमजीबी शोधतोय, पण ती दुसरी गाडी म्हणून, आणि खरेदीच्या किमतीएवढी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला पडली की मगच.

तुम्ही एमजीबी बघायला गेलात तर आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे ना बघा. मग किल्ली फिरवा, सेल्फ मारू नका, नुसतं ऐका. मागच्या उजव्या बाजूने टक-टक-टक असा एसयू पंपाचा आवाज येईल, हळूहळू मंदावेल आणि थांबेल. म्हणजे कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या. टकटक थांबतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी गळतंय, पंप हवा ओढतोय, नाहीतर टाकी रिकामी आहे. आवाजच येत नसेल तर पान्याच्या मुठीने पंपावर हलकेच टकटक करा. सुरू झाला तर गाडी बराच काळ उभी आहे आणि पंपाचे पॉइंट चिकटलेत. मालक 'दर आठवड्याला चालवतो' म्हणत असेल, तर पुढच्या प्रत्येक उत्तराची खात्री स्वतः करून घ्या.