एक प्रश्न हातात धरा: पुण्यात राहून कम्युटेटिव्ह अल्जेब्राची खबर कशी ठेवावी

आधी प्रश्न निवडा, बातम्या मागाहून. माझ्या एमएस्सीच्या वर्गातली मुलं बहुतेक वेळा उलट सुरुवात करतात. दिसेल त्या सेमिनारला नाव नोंदवायचं, लिंका गोळा करायच्या, फोनमध्ये पीडीएफ साठवत जायच्या. महिन्याभरात इतका ढीग होतो की त्यातलं काहीच उघडलं जात नाही, आणि मग "मॅडम, हे आपल्या आवाक्यातलं नाही" असं म्हणून हुशार मुलगी गप्प बसते. आवाक्याचा प्रश्नच नसतो. कम्युटेटिव्ह अल्जेब्राला (संख्या, बहुपदी अशा, गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालणाऱ्या रचनांच्या बीजगणिताला) इतक्या शाखा फुटल्या आहेत की त्यात आयुष्य घालवलेली माणसंही सगळं वाचत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःचा एक प्रश्न असतो आणि त्या प्रश्नाला लागून येईल तेवढंच ती वाचतात.

प्रश्न असा हवा की त्याचं विधान तुमच्या आत्ताच्या अभ्यासात मांडता येईल, थोडा भाग सुटलेला असेल आणि थोडा उरलेला. मी विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा हा देते: एका फील्डवरची (जिथे शून्य सोडून कशानेही भागता येतं अशा संख्यांवरची) एक रिंग घ्या, म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालणारी रचना. तिला एक नवं चल जोडल्यावर चार चलांच्या बहुपदींची रिंग मिळाली. तर मूळ रिंग तीन चलांच्या बहुपदींचीच होती का? वाटतं, असणारच. एका चलाच्या बाबतीत उत्तर 'हो' आहे. ते १९७२ साली श्रीराम अभ्यंकर, पॉल ईकिन आणि विल्यम हाइन्झर यांनी दाखवलं. दोन चलांसाठीही 'हो': कॅरॅक्टरिस्टिक शून्य असताना (म्हणजे फील्डमधला १ कितीही वेळा मिळवला तरी शून्य होत नाही तेव्हा) फुजिता, मियानिशी आणि सुगी यांच्या कामातून, आणि पुढे १९८१ मध्ये रसेल यांनी 'परफेक्ट' म्हटल्या जाणाऱ्या प्रकारच्या फील्डसाठी. तीन चलांपाशी मात्र सगळं बदलतं. कॅरॅक्टरिस्टिक धन असेल (१ ठरावीक वेळा मिळवला की शून्य होत असेल) तर उत्तर 'नाही' आहे, हे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधल्या नीना गुप्ता यांनी सिद्ध केलं. त्यांचा पेपर २०१४ साली छापून आला. त्यांनी वापरलेली रिंग असानुमा यांनी १९८७ मध्येच लिहून ठेवली होती. ती या प्रश्नाचं उत्तर आहे, हे ओळखायचं राहिलं होतं. कॅरॅक्टरिस्टिक शून्य असताना तीन आणि त्याहून जास्त चलांचं काय, ते अजून सुटायचं आहे.

झारिस्कींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रश्नासोबत एक आठवडा काढा. दोन बहुपदी घेऊन वहीत खेळा. मग त्यातून चार-पाच शब्द वेचा: कॅन्सलेशन (जोडलेलं चल काढून टाकणं), अफाइन स्पेस (बहुपदींच्या रिंगचं भौमितिक रूप), लोकली निल्पोटंट डेरिव्हेशन (डेरिव्हेटिव्हसारखी, पुन्हा पुन्हा लावली की शेवटी शून्य देणारी क्रिया), ज्या लोकांनी काम केलं त्यांची आडनावं. हे शब्द ही तुमची चाळणी. येणारी प्रत्येक बातमी तिच्यातून जाऊ द्या.

आता बातम्या. सगळ्यात आधी त्या आर्काइव्हवर (arXiv, छापण्याआधीचे पेपर ठेवायचं संकेतस्थळ) येतात, मॅथ डॉट ए.सी. (math.AC) या कम्युटेटिव्ह अल्जेब्राच्या विभागात. नवी यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठ वाजता लागते, रविवार ते गुरुवार. म्हणजे आपल्याकडे सोमवार ते शुक्रवार पहाटे, उन्हाळ्यात साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला. सकाळच्या चहाबरोबर दहा मिनिटं पुरतात: सगळी शीर्षकं, त्यातल्या दोन-तीनांचे सारांश, आणि चाळणीत काही अडकलं तरच पेपर. पेपर उघडला की प्रस्तावनेचं पहिलं पान वाचा आणि थेट शेवटच्या संदर्भयादीवर जा. यादीत तुमच्या प्रश्नाची माणसं दिसली तर ठेवा, नाहीतर बंद करा. आठवड्यातून एकदा अल्जेब्राइक जॉमेट्रीचा विभागही पाहा, कारण अफाइन स्पेसवरचं बरंचसं काम तिकडे जातं. एक सावधगिरी मात्र बाळगा. तिथला पेपर अजून कुणी तपासलेला नसतो. दुसरी, तिसरी आवृत्ती आली का, पेपर मागे घेतला का, हे पाहिल्याशिवाय त्यावर काही बांधू नका.

छापील जर्नलची वाट पाहून का चालत नाही, त्यासाठी २०१६ साल आठवा. त्या सप्टेंबरमध्ये इव्ह आंद्रे यांनी डायरेक्ट समंड कंजेक्चरची (कंजेक्चर म्हणजे सिद्ध व्हायचा अंदाज; हा एक रिंग तिच्याहून मोठ्या रिंगमधून सुटी काढता येते का याबद्दलचा) सिद्धता आर्काइव्हवर ठेवली. होक्स्टर यांनी मांडलेला हा प्रश्न चार दशकांहून जुना होता. पुढच्याच महिन्यात अनन्यान आणि स्वतः होक्स्टर यांनी स्टिलमनचं कंजेक्चर सोडवलं (बहुपदी किती आणि किती घाताच्या हे ठरलं की, चलं कितीही असोत, त्यांची गुंतागुंत मर्यादेत राहते, असा तो अंदाज). पहिला पेपर छापला गेला २०१८ मध्ये, दुसरा २०२० मध्ये. ग्रंथालयातल्या अंकांवर विसंबलेल्या माणसाला दुसरी बातमी तीन वर्षांहून जास्त उशिरा कळली असती, आणि तोवर त्यावर इतरांचे कितीतरी पेपर येऊन गेले होते.

पण नुसतं वाचून या विषयात कुणी टिकत नाही. माणसांत जावं लागतं, आणि त्या बाबतीत पुणेकरांचं नशीब चांगलं आहे. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, गणेशखिंडीला विद्यापीठाचा गणित विभाग आहे, आणि एरंडवण्यात लॉ कॉलेज रस्त्यालगत दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे. हे प्रतिष्ठान वर आलेल्या श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये उभं केलं. कॅरॅक्टरिस्टिक धन असताना सरफेसच्या सिंग्युलॅरिटी (टोकं, छेद अशा गुळगुळीत नसलेल्या जागा) कशा सोडवायच्या, हे १९५६ मध्ये दाखवणारा माणूस अमेरिकेत पर्ड्यूला शिकवत होता आणि तरी त्याला एरंडवण्यात गणिताची जागा हवी होती. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. ती सांगताना मला अजूनही भरून येतं.

तिन्ही ठिकाणच्या संकेतस्थळांवरची सेमिनारची पानं सोमवारी सकाळी पाहायची सवय लावा. नेमकं कम्युटेटिव्ह अल्जेब्रावरचं व्याख्यान दर आठवड्याला नसतं, म्हणून अल्जेब्राइक जॉमेट्री आणि नंबर थिअरीची व्याख्यानंही सोडू नका. बाहेरचे असाल तर आदल्या दिवशी आयोजकांना दोन ओळींची मेल करा आणि फाटकावर दाखवायला कॉलेजचं ओळखपत्र ठेवा. पाच मिनिटं आधी पोचा. व्याख्यान चालू असताना सगळं उतरवून घेऊ नका. माझी पद्धत अशी: पहिल्या पंधरा मिनिटांतल्या व्याख्या शब्दशः लिहायच्या, त्यानंतर फक्त उदाहरणं, आणि वक्ता जिथे "हे इथे चालत नाही" म्हणेल ती जागा चौकटीत घ्यायची. विसाव्या मिनिटाला धागा सुटला तरी उठू नका. तो अनेक प्राध्यापकांचाही सुटलेला असतो, ते पुढच्या उदाहरणाची वाट पाहत बसलेले असतात. नंतरच्या चहाच्या वेळी वक्त्याकडे जा आणि चौकटीतल्या जागेबद्दल एकच प्रश्न विचारा. वक्ता मराठी असेल तर मराठीतच विचारा. इंग्रजीची भीती वाटते म्हणून गणिताचा प्रश्न गिळून टाकणं हे मला सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

मुंबईही लांब नाही. पवईच्या आयआयटीत या विषयाचा मोठा गट आहे. सकाळच्या गाडीने कल्याण, तिथून लोकलने कांजूरमार्ग आणि पुढे रिक्षा. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तिथल्याच मंडळींनी कम्युटेटिव्ह अल्जेब्रा आणि अल्जेब्राइक जॉमेट्रीची ऑनलाइन व्याख्यानमाला सुरू केली, आणि जगभरचे वक्ते घरबसल्या ऐकता आले. अमेरिकेतल्या बर्कलीच्या एसएलमॅथ या गणितसंस्थेत (२०२२ पर्यंत तिला एमएसआरआय म्हणत) २००२-०३, २०१२-१३ आणि २०२४ मध्ये या विषयाचे मोठे कार्यक्रम झाले. तिथल्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग कुणालाही फुकट पाहता येतात. कार्यक्रमाच्या सुरुवातीला नवख्यांसाठी असते ती परिचयाची कार्यशाळा आधी पाहा.

खरी ओळख होते ती शिबिरांत. बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांसाठी १९९३ पासून चालणारं एमटीटीएसचं (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिर आहे. पुढच्या टप्प्यावर नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या शाळा, म्हणजे अभ्यासवर्ग आहेत: पायाभूत विषयांच्या आणि प्रगत विषयांच्या. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि शिफारसपत्र लागतं. ते पत्र मागताना शिक्षकांना किमान दोन आठवडे द्या, आणि सोबत तुम्ही सोडवलेल्या गणितांची चार पानं द्या. "विद्यार्थिनी मेहनती आहे" एवढंच लिहिलेलं पत्र कामाचं नसतं. त्या चार पानांमुळे मला नेमकं काहीतरी लिहिता येतं. निवड झाली की राहण्या-जेवणाची सोय होते. प्रवासखर्चाचे नियम घोषणेत वाचा आणि तिकिटं जपून ठेवा. ज्या मुलींच्या घरून परगावी पाठवायला खळखळ होते, त्यांनी निवडीचं पत्र छापून आई-वडिलांसमोर ठेवावं आणि वसतिगृहाची माहिती आयोजकांकडून लेखी मागवावी. गरज पडली तर मी स्वतः घरी फोन करते, आणि तुमचे शिक्षकही करतील.

शिबिरात सकाळच्या व्याख्यानांपेक्षा दुपारच्या ट्युटोरियलला जास्त जीव लावा. फळ्यावर जाऊन अर्धवट सिद्धता मांडणारी मुलंच लक्षात राहतात, आणि पुढे पीएचडीच्या जागेची किंवा कार्यशाळेची बातमी त्यांनाच आधी कळते. जाण्यापूर्वी लॅपटॉपवर मॅकॉले-टू बसवून घ्या. ग्रेसन आणि स्टिलमन यांनी तयार केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. आयडियल (काही बहुपदींपासून तयार होणारा रिंगचा भाग) टाकला की रिझोल्यूशन, डायमेन्शन, हिल्बर्ट बहुपदी ही त्याची मोजमापं हाती येतात आणि संध्याकाळच्या चर्चेत तुमच्याकडे बोलायला ठोस उदाहरण असतं.

राहिलं पेपरच्या लेखकाला लिहिणं. मेल सात-आठ ओळींची करा. तुम्ही कोण, कुठे शिकता, हे एका ओळीत. पेपरमधलं कितवं लेमा (सहायक प्रमेय), कितवी ओळ, तुम्ही कोणतं उदाहरण करून पाहिलं आणि कुठे अडलात. स्तुती नको, आणि "मला एखादा प्रश्न सुचवा" अशी मागणीही नको. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी आभार कळवा आणि त्यांनी सुचवलेलं जे असेल ते वाचायला घ्या. महिन्याभराने त्यातलं किती झालं तेही लिहा.