वर चढण्याआधी: सौर-पवन विजेवरच्या वायरलेस केंद्राची तयारी

पहिलं काम टेबलावरचं आहे. डोंगरावरच्या केंद्रात बसवायचं ते सगळं, म्हणजे बिनतारी डेटा पाठवणारे-घेणारे दोन्ही रेडिओ, त्यांना जोडणारा नेटवर्क स्विच, असलाच तर कॅमेरा, घरीच जोडा, मधे वॅटमीटर लावा आणि चोवीस तास चालू ठेवा. मोजताना रेडिओवरून खरा डेटा वाहू द्या, कारण नुसता बसलेला रेडिओ आणि काम करणारा रेडिओ यांची भूक वेगळी असते. समजा दोन रेडिओ मिळून १२ वॅट आणि स्विच ४ वॅट. व्होल्टेज बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधली घट धरली की बॅटरीतून साधारण १८ वॅट जातील. दिवसाचे ४३२ वॅट-तास. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहणार आहे. इथे वाचवलेला प्रत्येक वॅट पुढे बॅटरी आणि पॅनेल दोन्हींत वाचतो, म्हणून सामान घेण्याआधी तेच काम कमी विजेत करणारा रेडिओ मिळतो का ते बघा. आणि इन्व्हर्टर नकोच. डीसीचं एसी करायचं आणि अॅडॅप्टरने पुन्हा डीसी करायचं, यात तो रिकामा असतानाही काही वॅट गिळत राहतो. एवढ्या लहान भारावर ते परवडत नाही.

सिस्टीम १२ व्होल्टची ठेवायची की २४ची, हे वायरच्या लांबीवर ठरवा. पॅनेलपासून पेटीपर्यंत २० मीटर अंतर, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १० अॅम्पिअर प्रवाह असेल, तर जाण्या-येण्यात सुमारे १.७ व्होल्ट वाटेतच जातात. तेवढीच शक्ती २४ व्होल्टवर ५ अॅम्पिअरने नेली तर जेमतेम ०.९ व्होल्ट पडतात. म्हणून माझं मत २४ला. मात्र एक गोष्ट हमखास निसटते: २४ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना २९ व्होल्टच्या आसपास जाते. रेडिओच्या माहितीपत्रकात फक्त ‘२४ व्होल्ट’ असं वाचून थांबू नका, तो कितीपासून कितीपर्यंत सोसतो ते शोधा. तो पल्ला अपुरा असेल किंवा ४८ व्होल्टचा पीओई (डेटाच्याच केबलमधून जाणारी वीज) लागत असेल, तर मधे योग्य डीसी-डीसी कन्व्हर्टर यादीत घाला. त्याचा एक जोडीदारही सुटा ठेवा.

बॅटरीचा हिशेब सर्वांत वाईट आठवड्यासाठी करायचा. ऊन आणि वारा दोन्ही रुसले तरी केंद्र किती दिवस चाललं पाहिजे? वर पोहोचायला एक दिवस लागत असेल तर चार दिवस धरा. ४३२ गुणिले ४, म्हणजे १,७२८ वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत वापरायची ठरवली तर २,१६० वॅट-तासांची बॅटरी लागेल. २४ व्होल्टची १०० अॅम्पिअर-तासांची घेतली की काम भागतं. लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली नेली तर लवकर म्हातारी होते, म्हणून ती सुमारे १५० अॅम्पिअर-तासांची लागेल, आणि ती खांद्यावरून वर न्यायची आहे हे विसरू नका. थंड जागी मात्र लिथियमची अडचण आहे: शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं. अशा थंडीत चार्जिंग रोखणारा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) आहे का, पेटीला उबेची सोय लागेल का, हे आधी ठरवा. उष्ण जागी पेटी पॅनेलच्या सावलीत ठेवा. दर १० अंश वाढीला लेड-अॅसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

पॅनेल काढताना वर्षाची सरासरी घेऊ नका, त्या जागेचा सर्वांत अंधारा महिना घ्या. कुठे तो पावसाळ्यातला असेल, कुठे हिवाळ्यातला. त्या महिन्यात रोज पूर्ण उन्हाचे ३ तास मिळतात आणि एकूण कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरलं तर रोजच्या खर्चापुरतं २०६ वॅटचं पॅनेल पुरतं. पण ‘पुरतं’ म्हणजे बॅटरी एकदा रिकामी झाली की ती भरायला शिल्लक काहीच नाही. ३०० वॅट लावले तर रोज सुमारे २०० वॅट-तास उरतात आणि रिकामी बॅटरी भरायला जवळपास नऊ दिवस जातात. तेवढ्यात पुन्हा ढग येतील. ४०० वॅट लावले तर हेच काम चार-साडेचार दिवसांत होतं. पॅनेलच्या बाबतीत हात आखडू नका. कल जरा जास्त उभा ठेवला तर हिवाळ्यातलं तिरपं ऊन नीट मिळतं आणि धूळ-बर्फही घसरतं. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो, तेव्हा सर्वांत गार सकाळी तो चार्ज कंट्रोलरच्या (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधल्या नियंत्रकाच्या) मर्यादेत राहतो का, हेही तपासून घ्या.

आता पवनचक्की. तिच्याबद्दल लोक फार उदार होतात. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. एक मीटर व्यासाची लहान चक्की वाऱ्यातली पाव शक्ती पकडते असं धरलं, तर सेकंदाला ८ मीटरच्या वाऱ्यात सुमारे ६० वॅट देईल आणि ४ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम ८. खोक्यावरचा आकडा बहुधा ११-१२ मीटरच्या वाऱ्याचा असतो. तसा वारा रोज वाहत नाही. त्यामुळे प्रश्न एकच विचारा: ऊन नसतं त्या दिवसांत इथे वारा असतो का? असेल तर चक्की सोन्यासारखी. ऊन आणि वारा एकदमच नाहीसे होत असतील तर तेच पैसे पॅनेल-बॅटरीत घाला. घेतलीच तर तिला वेगळा खांब द्या. अँटेनाच्याच खांबावर बसवली तर थरथरीने दिशा हलते आणि लिंक वाऱ्याबरोबर झुलते. बॅटरी भरल्यावर जास्तीची वीज जिरवायला डंप लोड हवा, कारण भाराविना मोकळी सुटलेली चक्की स्वतःलाच मोडून घेते. हात लावण्याआधी तिच्या वायरी एकमेकींना जोडणारा ब्रेक स्विचही हवा, आणि तो वारा पडलेला असताना टाकायचा.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला चिकटून. अर्थिंगची सळई, आकाशातल्या विजेपासून वाचवणारा अरेस्टर, वायरींच्या टोकांना घट्ट क्रिंप केलेले (दाबून बसवलेले) लग, केबलची भोकं बंद करायला केबल ग्लँड, मुंग्या-उंदरांसाठी बारीक जाळी, सहजी न उघडणारे बोल्ट. लेड-अॅसिड असेल तर पेटीला हवेची वाट, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो.

यानंतरची चाचणी मी एकदा टाळली होती आणि त्यापायी डोंगर दुसऱ्यांदा चढलो. बॅटरी रिकामी झाली, कंट्रोलरने भार तोडला, दुसऱ्या दिवशी ऊन आलं, आणि व्होल्टेज जरा वर येताच भार पुन्हा जुळला. रेडिओ सुरू, व्होल्टेज खाली, रेडिओ बंद, असं दिवसभर चाललं. त्यात स्विच अडकून बसला. म्हणून तोडण्याचा आणि जोडण्याचा व्होल्टेज यांत भरपूर अंतर ठेवा. २४ व्होल्टच्या लेड-अॅसिडला २३वर तोडून २५च्या वर जोडणं ठीक. लिथियमचे आकडे तिच्या माहितीपत्रकातून घ्या. मग अंगणात सगळी मांडणी करा, पॅनेल झाका, केंद्र मरू द्या, पॅनेल उघडा आणि हात न लावता ते उठतं का बघा. बॅटरीचा व्होल्टेज खालून दिसेल अशी सोयही याच वेळी करा. संध्याकाळचा आकडा रोज थोडा घसरत असेल तर मरणाआधी आठवडाभर कळतं.

पिशवीत मल्टिमीटर, सुटे फ्यूज, क्रिंपर, आणि पॅनेल झाकायला जाड कापड. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. हा क्रम पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, प्रत्येक वायरला नाव द्या आणि झाकण लावण्याआधी फोटो काढा, कारण पुढच्या वेळी वर जाणारा माणूस दुसराच असू शकतो.